फळ्यावरचं पाचवं चुंबक

पांढऱ्या फळ्यावर पुढच्या मोसमाची चार चुंबकं.
पाचवं कोरं.
इंग्रिड मे महिन्यात नर्स होऊन जाईल,
तिच्यासोबत सहा फूट दोन इंच जातील,
आणि सामन्यामागे अकरा रिबाउंड.
नऊ कॉलेजांत आम्ही सातवे येऊ,
असा जाणकारांचा होरा आहे.
तो इंग्रिडला धरून होता.

म्हणून कॉलेजची व्हॅन घेऊन मी निघते.
नॉर्थ डकोटा, उणे एकवीस.
हीटर फक्त माझ्या डाव्या पायावर मेहेरबान.
रस्त्याकडेला साखरबीटचे ढीग,
घरांहून उंच, वरून गोठलेले,
आतून अजून वाफाळणारे.

ओडेनवाल्ड. लोकसंख्या सहाशे बारा.
जिममध्ये आज सातशे माणसं.
दारातल्या बाई माझ्या जॅकेटवरचं नाव वाचतात,
तिकिटाचे पैसे परत सरकवतात :
"ब्रिएलसाठी ना?"
कोण कुणासाठी आलंय, अख्ख्या गावाला ठाऊक,
स्थळ बघायला आल्यासारखं.

ब्रिएल शट्झ. डावखुरी.
पॉपकॉर्नच्या पिशवीवर मी पेन्सिलीनं लिहिते :
पाय जड. हात मऊ.
चेंडू कुठं पडणार हे हिला चेंडूच्या आधी कळतं.
एवढं एक शिकवता येत नाही.
तिसऱ्या क्वार्टरात पडलेल्या पाहुण्या मुलीला
तिनं हात देऊन उठवलं,
आणि पुढच्याच खेपेला त्याच हातानं
तिचा शॉट अडवला.
हे लिहिलं नाही.
पिशवीवर तेलाचा डाग पसरला होता,
आणि तशीही गरज नव्हती.

मग त्यांचं स्वयंपाकघर.
नॅडीन साखर कारखान्यात रात्रपाळी करते,
बूट घालूनच जेवायला बसते.
बटाट्याचं कॅसरोल, वरचा थर खरपूस.
मी पाठ केलेलं बोलते :
आमच्या स्तरावर खेळाची शिष्यवृत्ती नसते,
गरज पाहून मदत, मार्क पाहून थोडी.
नॅडीन पाकिटाच्या मागं वजाबाकी करते.
उत्तर मला उलटं दिसतं,
तरी वाचता येतं.

ब्रिएल एवढंच विचारते,
"मातीची प्रयोगशाळा रात्री उघडी असते का?"
असते. किल्ली रखवालदाराकडे, म्हाताऱ्या ऑर्विलकडे,
त्याला बास्केटबॉल आवडतो.
ती पहिल्यांदा हसते.
मोठ्या कॉलेजच्या कोचनं तिला
वाढदिवसाचं कार्ड धाडलंय,
ते फ्रीजवर लावलेलं मी कधीच पाहिलंय.

"आणि कॉलेज?" नॅडीन म्हणते.
"पेपरात काहीबाही आलं होतं."

ऑक्टोबरात जर्मन गेलं.
नाताळाआधी संगीत.
पियानो अजून तिथंच आहे,
लावायला माणूस नाही.
यासाठीही मला एक वाक्य दिलेलं आहे,
छापील, गुळगुळीत, चार वर्षांच्या हमीचं.
ते जिभेवर येतं आणि बटाट्यासारखं चिकटतं.
"तीन वर्षांचं सांगते," मी म्हणते.
"चौथ्याचं मला माहीत नाही."

फ्रीज घुरघुरतो.
गेली माझी मुलगी, मला वाटतं,
सातवे कसले, नववे येऊ आता.

ब्रिएल ताट पुसून खाते.
"आमची शाळासुद्धा दर वर्षी बंद होणार असते,"
ती म्हणते, "मी पहिलीत होते तेव्हापासून."

हो म्हणत नाही. मार्चमध्ये कळवीन, म्हणते.
निघताना नॅडीन उरलेलं कॅसरोल
भांड्यासकट माझ्या हातात देते,
झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर आडनाव.
"सावकाश परत करा," कारखान्याच्या दिशेनं
गाडी वळवता वळवता ती ओरडते.

रात्री दीड. फळा. चार चुंबकं.
पाचव्यावर पेन्सिल उमटत नाही,
मी करून पाहिलं.
भांडं घासून टेबलावर उपडं घातलंय.
परत करताना रिकामं देऊ नये, आई म्हणायची.
काय घालावं,
मार्चपर्यंत सुचेल.